बाप्पा, बॅग आणि स्मोक अलार्म : परदेशातल्या गणपतीचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की जर्मनीत आमचा पहिला गणपती बुटांच्या खोक्यावर बसला होता, वर लाल ब्लाउजपीस टाकलेलं म्हणून कुणाला कळलं नाही. झालं, पत्रांचा पाऊस. कोण म्हणतं बुटांचं खोकं कसं चाललं, कोण म्हणतं आमच्याकडे तर वॉशिंग मशीनवर बसतो. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून आठ निवडलीत, नावं काढलीत, गावं तेवढी ठेवलीत. मी काही गुरुजी नाही हे आधीच सांगून टाकते, नऊ वर्षं तिकडे गणपती बसवला आणि त्यातली निदान पाच वर्षं काही ना काही चुकलं, माझा अधिकार एवढाच. शास्त्राचं काही असेल तर घरच्या गुरुजींना फोन लावा, हल्ली ते व्हिडिओ कॉलवर पूजा सांगतात आणि दक्षिणा यूपीआयनं घेतात.

प्रश्न : मी स्टुटगार्टला मास्टर्स करतोय. चार जणांचा शेअरिंग फ्लॅट, माझी खोली बारा स्क्वेअर मीटर. घरी आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मला इकडे बसवायचाय पण आई म्हणते नको, फ्रीजमध्ये दुसऱ्यांचं चिकन, सोवळं कसं सांभाळणार. शिवाय स्मोक अलार्मची भीती, मागे पापड भाजताना वाजला होता. — स्टुटगार्ट

बसव रे. आईला सांग, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पिढ्यानपिढ्या गणपती बसलेत, तुझ्याकडे तर बारा मीटर आहेत.

आता अलार्मचं. प्लास्टिकची पिशवी बांधून तो झाकायचा नाही, हे मी आधीच सांगते कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच येतं. बिल्डिंगचा अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असला तर खाली लाल गाड्या येऊन उभ्या राहतात आणि मग तुझी आरती अख्खी गल्ली बघते. तुपाचं निरांजन लाव, त्याचा धूर जवळजवळ नसतोच. उदबत्ती एकच, खिडकी उघडून. कापूर मात्र खोलीत नकोच, बाल्कनी असेल तर बाल्कनीत नाहीतर उघड्या खिडकीशी धर. आणि निरांजन तेवत ठेवून झोपायचं नाही, नंदादीप हवाच असेल तर बॅटरीचा दिवा आण, देवाला चालतो.

फ्लॅटमेट्सना आठ दिवस आधी सांग. तिकडच्या लोकांना आयत्या वेळी सांगितलेलं आवडत नाही, आधी सांगितलं तर मात्र भलतीच मदत करतात. फ्रीजचा एक कप्पा दीड दिवस रिकामा मागून घे. जिन्यात खाली एक चिठ्ठी लाव, की अमुक दिवशी आमचा सण आहे, पाच मिनिटं टाळ वाजतील, गोड खायला या. घरी पार्टी असली की तिथले लोक स्वतःच अशी चिठ्ठी लावतात त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते हे तुला माहीत असेलच, झांजा त्याच्या आत.

जास्वंद मिळेल, गार्डन सेंटरला कुंडीतलं झाड मिळतं, ते घे, वर्षभर फुलं देतं. दुर्वा मिळणार नाहीत. हिरवळीवरून गवत उपटून आणू नकोस, ते गवत वेगळं असतं. जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहायच्या, पूजेतच तशी सोय आहे.

प्रश्न : दरवर्षी आमच्याकडे भांडण. माझ्या माहेरचं कॅलेंडर एक तारीख दाखवतं, इथलं मंदिर आदल्या दिवशीची सांगतं आणि मंडळाचा गणपती शनिवारी. खरा कुठला? — न्यू जर्सी

तिन्ही खरे, पण घरचा कधी बसवायचा म्हणाल तर मंदिरवाले सांगतात तो.

तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातल्या अंतराचा हिशोब, ती जगात सगळीकडे एकाच क्षणी सुरू होते, बदलतं ते आपलं घड्याळ. गणपतीला भाद्रपद शुद्ध चतुर्थी माध्यान्हाला असावी लागते, म्हणजे तुमच्या गावी दुपारी, पुण्याच्या दुपारी नाही. २०२५ सालचंच घ्या. चतुर्थी भारतात २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ला पावणेचारच्या सुमारास संपली, म्हणून इकडे २७ला गणपती. तुम्ही साडेनऊ तास मागे. तुमच्याकडे तीच तिथी २६ला पहाटे साडेचारच्या आसपास लागली आणि २७ला सकाळी सव्वासहाला संपूनसुद्धा गेली. मग २७च्या दुपारी तुमच्याकडे पंचमी की! म्हणून २६. २०२३ला असंच झालं होतं, इकडे १९ सप्टेंबर, तिकडे १८. सिडनीवाल्यांचं सहसा भारताबरोबर जमतं कारण ते पुढे आहेत.

माहेरच्या कॅलेंडरचा दोष नाही, ते भारतातल्या सूर्योदयावर छापलेलं असतं. मंडळाचा शनिवारचा गणपती हा लोकांना सुट्टी असते म्हणून, हॉल तेव्हाच मिळतो म्हणून. त्यात वाईट काय? तिथे जेवायला जायचं, ढोल वाजवायचा. तुम्हाला तर न्यूयॉर्क जवळ, फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ १९७७ पासून आहे, तिथल्या तळघरातल्या कॅन्टीनचा डोसा खाऊन या म्हणजे भांडण आपोआप मिटेल.

प्रश्न : मी चिपळूणची, वय ६८. लेकीकडे ऑकलंडला चालले आहे, गणपतीत तिथेच असेन. दुर्वा, शमी, बेल, आघाडा, केवडा, दोन नारळ, विड्याची पानं, मोदकाची पिठी, गूळ, खसखस, सुकं खोबरं, घरचं मध आणि पेणची शाडूची मूर्ती अशी यादी केली आहे. लेक म्हणते काही आणू नकोस. — चिपळूण

काकू, लेकीचं ऐका. निम्मं तरी ऐका.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे दोन देश या बाबतीत फार कडक, त्यांची सगळी शेती आणि जंगलं बाहेरच्या किडीपासून जपायची असतात. पत्री, पानं, फुलं, ताजी फळं, मध, सगळं घरी ठेवा. आणि फॉर्मवर जे विचारतात ते सगळं खरं लिहा, लिहून दाखवलं तर फार तर काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड, आणि तिथले कुत्रे आपल्या पर्समधलं सफरचंदसुद्धा हुंगतात. माझी एक आतेबहीण अशीच विमानात मिळालेलं केळं पर्समध्ये विसरली होती. तिला अजून केळं दिलं की ती हसते.

पिठी आणि गूळ तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, वजन कशाला वाहता. सुकं खोबरं बऱ्याच एअरलाइन्स बॅगेत घेतच नाहीत, तेलकट असतं, गरम होऊन पेट घेऊ शकतं म्हणून ते धोक्याच्या वस्तूंच्या यादीत आहे. शाडूची मूर्ती म्हणजे कच्ची माती, ती सुद्धा लिहून दाखवावी लागेल आणि काढून घेतली तर देवाला तिथे ठेवून यायचं, जीव तुटतो. त्यापेक्षा लेकीला सांगा, कुंभारकाम शिकवणाऱ्या स्टुडिओतून कच्ची माती आण. क्राफ्टच्या दुकानातली आपोआप वाळणारी पांढरी माती बघून घ्यायची, तिच्यात कधी कधी चिकटवायचं काहीतरी असतं आणि मग ती विरघळत नाही. नातवंडांना घेऊन तुम्हीच हातानं घडवा. सोंड वाकडी झाली तरी चालेल.

मग न्यायचं काय? कापसाची वस्त्रं, जानवं, सुपाऱ्या विचारून, अष्टगंध, गुलाल, आरतीचं पुस्तक, आणि मोदकाचा हात. तो कुणी काढून घेत नाही.

यावरून दोन गोष्टी बाकीच्यांसाठी. युरोपात जाणाऱ्यांनी खवा, पेढे, तूप नेऊ नये, बाहेरून आणलेल्या दुधाच्या पदार्थांना तिथे बंदी आहे. पानाफुलांना, बऱ्याचशा फळांना सर्टिफिकेट लागतं, पण ज्या पाच फळांना लागत नाही त्यात आपला नारळ आहे! बाकीची चार म्हणजे केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन. हे नियम कुणा ब्रुसेल्सच्या साहेबानं केले असतील, पण नारळ आणि केळं सुटलं म्हणजे पूजेचा माणूस असणार. आणि आखातात जाणाऱ्यांनी खसखस अजिबात, अजिबात नेऊ नये. दुबई-अबूधाबीला ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, अटक होते. सिंगापूरलाही तेच. सारणात खसखस नसली तरी मोदक मोदकच असतो.

प्रश्न : लग्नाला आठ वर्षं झाली, नवरा डच, मुलगी सहा वर्षांची. या वर्षी मुलीनंच हट्ट धरला की आपल्याकडेही गणपती. माझ्या आईला फोन केला तर ती म्हणाली गणपती तर तुझ्या भावाकडे असतो, लग्न झालेल्या मुलीनं माहेरचा गणपती असा न्यायचा नसतो, आणि सासरी तर तो नाहीच. मग माझा गणपती कुठला? — रॉटरडॅम

हे पत्र वाचून मी बराच वेळ बाजूला ठेवलं होतं.

आईचं म्हणणं कुठून आलं ते आधी बघू. कोकणात गणपती एका मूळ घरी असतो, सगळे भाऊ मुंबईहून, बडोद्याहून, कुठून कुठून तिथे येतात, एसटीच्या रांगा, रेल्वेची वेटिंग लिस्ट, सगळं त्या एका घरासाठी. पण तिथेच दुसरा रिवाजही आहे, चूल वेगळी झाली की देव वेगळे. भाऊ वाटणी करून वेगळे झाले की ज्यानं त्यानं आपापला आणायचा, काही ठिकाणी आधी देवाला विचारून, कौल लावून, काही ठिकाणी सरळ. तुमची चूल वेगळी झाली आहे हो, आठ वर्षांपूर्वी आणि सात हजार किलोमीटर लांब. माहेरचा तुम्ही नेत नाही आहात. तो भावाकडेच आहे, तिथेच राहू दे. तुम्ही तुमच्या घरी तुमचा आणताय.

आणि नेण्याचंच म्हणाल तर आपल्या लोकांनी आधीच कुठे कुठे नेलाय. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यात राबायला गेली, ती गणपती बरोबर घेऊन गेली, आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या बायकांनी कुणाला विचारलं असेल? पत्र जायला महिने लागायचे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांनी १९३२ साली काढलं, तेव्हापासून तिकडे किती जणांचे पहिले गणपती बसले असतील ते मोजा.

आईला मात्र परस्पर फोटो पाठवून धक्का देऊ नका. तिला एक काम द्या. कामाशिवाय आपल्या आया होकार देत नाहीत. तिला विचारा, आपल्याकडे गणपतीला डोळे कोण उघडायचं, नैवेद्याला पहिल्या दिवशी काय, विसर्जनाला वाटली डाळ की दहीपोहे. बघा कशी तासभर बोलते. शेवटी म्हणेल, बरं, पण दीड दिवसाचाच आण हो. म्हणजे झालं.

एक सल्ला मात्र कडक देते. एकदा आणलात की दरवर्षी आणायचा, निदान तसं मनात धरूनच आणायचा. मुलीला हौस आहे म्हणून एक वर्ष, पुढच्या वर्षी सुट्टीला ग्रीस, असं नको. यातलं शास्त्र मला माहीत नाही, पण मुलं फार लक्षात ठेवतात.

नवऱ्याला कुठे बसवायचं? टाळ द्या हातात. डच माणूस ताल बरोबर धरतो, आमच्या शेजारचा धरायचा. मुलीसाठी आरती रोमन अक्षरांत लिहा पण उच्चार तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि जमलं तर एका वर्षी तिला घेऊन ट्रेननं पॅरिसला जा. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी तिथल्या ला शापेल भागात माणिक्क विनायकर देवळाची मिरवणूक निघते, श्रीलंकेच्या तमिळ लोकांचं देऊळ आहे ते, पॅरिसच्या भर रस्त्यात नारळांचे ढीग रचून फोडतात आणि नारळाच्या पाण्यानं रस्ता ओला. घरातला एवढासा बाप्पा युरोपच्या रस्त्यावरही येतो हे तिला दिसू दे.

प्रश्न : बायको नाइट शिफ्टला असते म्हणून मोदक माझ्याकडे. तीन वर्षं करतोय, तिन्ही वर्षं फुटले. गेल्या वर्षी तर पात्राचं झाकण काढलं तर खीर. दुर्वाही कुठे मिळत नाहीत. — डॅलस

दादा, तुमचं पत्र वाचून हसले, माफ करा.

आधी पिठी. एशियन स्टोअरमध्ये थाई तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं शेजारी शेजारी असतात, एक साध्या तांदळाचं आणि एक चिकट तांदळाचं, ज्यावर ग्लुटिनस लिहिलेलं असतं. माझी खात्री आहे तुम्ही दुसरं आणता. चिकट म्हणजे उकड चांगली चिकटेल असं वाटतं ना? ती वाफेवर विरघळते आणि मोदक बसतो, अक्षरशः बसतो. साधं पीठ घ्या. इंडियन स्टोअरमधलं घेतलंत तर बारीक चाळून, कारण ते बरेचदा भरड असतं आणि पारी चिरते.

एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. उकळी फुटली की गॅस बारीक, एक वाटी पीठ एकदम घाला, उलथण्याच्या टोकानं ढवळा, झाकण, दोन मिनिटं वाफ, गॅस बंद, आणखी पाच मिनिटं तसंच. मग मळायचं ते गरम असताना, हाताला चटका बसेल इतकं गरम, तूप-पाण्याचा हात लावून. इथेच पुरुष मंडळी कच खातात, निवू देतात आणि मग मळतात, मग पारीला भेगा. वाटीच्या बुडानं दाबून मळा सुरुवातीला.

आता सारण, तुमच्या खिरीचं खरं कारण. तुम्ही फ्रोझन खवलेला नारळ वापरत असणार. वापरा, पण त्यात पाणी असतं. आधी पूर्ण वितळू द्या, पिळून घ्या, कोरड्या कढईत पाच-सात मिनिटं परता, मगच गूळ. दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ. गूळ विरघळल्यावर सारण कडेनं सुटायला लागलं की लगेच उतरवायचं, पुढे गेलं की चिक्की होते. वेलची, जायफळ. पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही.

कळ्या किती ते विसरा. सात आल्या तरी पुष्कळ. मोदकपात्र नसेल तर इडलीचं भांडं, खाली ओला रुमाल किंवा केळीचं पान, तेही एशियन स्टोअरमध्ये फ्रोझन मिळतं. वाफवायच्या आधी मोदकाचं बूड फक्त पाण्यात बुडवून काढा आणि पात्रात ठेवा, दहा-बारा मिनिटं वाफवा, आणि झाकण एकदम उघडू नका. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपटप मोदकांवर. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं वाटून घाला आणि निवगऱ्या करा, रात्री शिफ्टवरून आलेल्या बायकोला त्या द्या. मोदक फुटले तरी तुम्हाला माफी मिळेल.

आणि दुर्वा! दादा, तुम्ही टेक्सासमध्ये राहता. तुमच्या घरापुढच्या लॉनवर उभे राहून तुम्ही मला विचारताय दुर्वा कुठे मिळतील. तिथे लॉनला लावतात ते बर्म्युडा ग्रास म्हणजे आपल्या दुर्वाच, तेच झाड, शास्त्रीय नावसुद्धा एकच. ऑस्ट्रेलियात त्याला कूच म्हणतात. फक्त लॉनवर औषध मारलं नाही ना ते बघा, कोपऱ्यातला एक तुकडा गणपतीसाठी राखून ठेवा, तिथे मशीन फिरवू नका म्हणजे तीन पात्यांच्या कोवळ्या काड्या येतील. एकवीस मोजून जुडी बांधा. तुमच्याकडे गोल्फ कोर्सवर लोक दुर्वांवरून चेंडू मारतात, आणि इकडे पुण्यात आम्ही मंडईत जुडीला भाव करतो.

प्रश्न : मी नर्स आहे. चतुर्थीलाच लाँग डे ड्युटी आली, स्वॅप मिळत नाहीये. एकटी राहते. आईकडे कधीच चुकला नाही गणपती. — डब्लिन

पहाटे उठून घाईघाईत प्राणप्रतिष्ठा करायची आणि बारा तास देवाला एकटं कोंडून जायचं, असं मन मारून करू नका. करतात लोक, मीही केलंय, दिवसभर जीव घरी लागलेला असतो. तुमच्या कामात तसं चालायचं नाही.

आपल्याकडे याची सोय आहे आणि फार गोड नावाची आहे. पेण, पनवेल, उरण, अलिबाग या भागात साखरचौथीचा गणपती असतो. अनंत चतुर्दशीनंतर जी संकष्टी येते, भाद्रपद वद्य चतुर्थी, त्या दिवशी बसवतात. ज्या मूर्तिकारांचे हात चतुर्थीपर्यंत दुसऱ्यांच्या मूर्ती रंगवण्यात अडकलेले असतात त्यांच्या घरी, ज्यांच्याकडे सुतक आलं त्यांच्याकडे, ज्यांचा राहून गेला त्यांच्याकडे. म्हणजे कामामुळे ज्याचा चुकला त्याच्यासाठी ठेवलेला गणपती. तुमच्यासाठीच आहे हो तो. रोस्टरमध्ये तो दिवस आत्ताच मागून ठेवा.

चतुर्थीला ड्युटीवर जाताना डब्यात एक मोदक न्या. तळणीचाही चालेल.

प्रश्न : इंडियन दुकानातून शाडूची म्हणून मूर्ती घेतली, विसर्जनाला बादलीत ठेवली तर तीन दिवस झाले तशीच. फक्त रंग निघाला. आता काय करू, फार अपराधी वाटतंय. कालव्यात सोडू का? — मँचेस्टर

कालव्यात नको! कुठल्याच नदीत, तळ्यात परवानगीशिवाय नको, दंड होईल तो वेगळा.

ती प्लास्टरची आहे. पुढच्या वेळी उचलून बघा, शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड लागते, प्लास्टरची हलकी. आत्ता दोन रस्ते आहेत. एक, मूर्ती बाहेर काढा, पुसा, कोरडी करा, स्वच्छ कापडात गुंडाळून वर ठेवून द्या. तुमची उत्तरपूजा झाली आहे, अक्षता टाकून मूर्ती जागेवरून हलवलीत तेव्हाच विसर्जन झालं. पुढच्या वर्षी हीच मूर्ती मांडा, तिच्यापुढे विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती ठेवा आणि विसर्जन सुपारीचं करा. पुष्कळ घरांत पितळेच्या, चांदीच्या मूर्तीचं असंच करतात.

दुसरा रस्ता पुण्याचा. इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधून काढलं की अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळतं, आणि पुणे महापालिका २०१६ पासून लोकांना ती पावडर वाटते. खाली खडूसारखी चुनखडी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, म्हणजे खत. गंमत अशी की ही पावडर युरोपात बेकिंगला वापरतात, जर्मनीत नाताळच्या बिस्किटांसाठी सुपरमार्केटमध्ये मिळायची. तुमच्याकडे ऑनलाइन मिळेल. पण वास भयानक येतो, अमोनियाचा, त्यामुळे घरात करू नका, बाहेर अंगणात, मुलांपासून लांब, आणि दोन-तीन दिवस अधूनमधून ढवळायचं. ज्यांचं अंगण नाही त्यांनी पहिलाच रस्ता धरावा.

अपराधी कशाला वाटून घेता, माझं ऐका. मी खऱ्या शाडूची मूर्ती बादलीत छान विरघळवली आणि ते पाणी, हुशारीनं, बाथटबमध्ये ओतलं. शाडू पाइपात जाऊन बसला. रविवार. प्लंबर आला, त्यानं ती राखाडी माती हातात घेतली आणि विचारलं हे काय आहे. आता काय सांगणार? बिल इतकं होतं की नवरा दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून माती कुंड्यांत, पाणी झाडांना, आणि सिंकमध्ये एक थेंब नाही.

प्रश्न : मुलगा व्हँकुव्हरला. आम्ही दोघंच इथे. रोज संध्याकाळी साडेसातला आरतीला व्हिडिओ कॉल लावतो, त्यांची तेव्हा सकाळी सातची गडबड असते, नातवाच्या तोंडात ब्रश असतो. आवाज मागेपुढे होतो, आम्ही कडव्याच्या शेवटी आणि ते अजून मधेच, सगळा गोंधळ. हे म्हणतात बंद कर, देवाची चेष्टा होते. मी त्याच्या नावाची मोदकाची वाटी रोज काढून ठेवते. बंद करू का? — सातारा

करू नका. गोंधळाचं औषध सोपं आहे, दोन्हीकडून एकदम म्हणायचंच नाही. एका बाजूनं आरती म्हणायची, दुसऱ्या बाजूनं फोन म्यूट करून त्यांच्यामागून म्हणायचं. एक दिवस तुम्ही पुढे, एक दिवस मुलगा. नातवाचा ब्रश झाला की त्याच्याकडून फक्त शेवटचं मोरया घ्यायचं, म्यूट काढून, तेवढं मागेपुढे झालं तरी छान वाटतं.

सातची गडबड असते तर रोज कशाला, शनिवार-रविवार ठेवा. तिकडचा शनिवार सकाळ म्हणजे तुमचा शनिवार संध्याकाळच, तेव्हा त्यांना शाळा-ऑफिस नसतं. बाकीचे दिवस तुम्ही दोघं शांतपणे करा, काकांचाही मान राहील.

अजून एक. तुम्ही फोन गणपतीसमोर धरून उभ्या राहत असणार, सगळे तसंच करतात. हात भरून येतो आणि त्याला दिसते ती फक्त हलणारी मूर्ती. फोन गणपतीच्या शेजारी डब्याला टेकून ठेवा, तोंड तुमच्याकडे करून. गणपती त्याच्याकडेही असेल, नाहीतर गूगलवर हवे तितके आहेत. त्याला तुम्ही दोघं टाळ्या वाजवताना दिसायला हव्यात. आणि आरती झाली की लगेच कट करू नका, फोन स्वयंपाकघरात न्या, कढईत काय आहे ते दाखवा, तो लहान असताना काय काय मागायचा ते नातवाला ऐकू दे.

मोदकाची वाटी काढता ते चांगलंच आहे. फक्त ती रात्री कोण खातं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला काकांवर संशय आहे.